मावशीच्या जमिनीसाठी हेगला जाता येतं का?

खाडीपलीकडचा · शनिवार, रात्री 9:50

प्रश्न जरा खुळ्यासारखा आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

परवा धोपाव्याला फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. शेजारी तीन म्हातारे. जमीन, मोबदला, नोकरीत घेतो म्हणाले होते, तेच सगळं चाललेलं. त्यातल्या एकाने विडी विझवली आणि निकाल देऊन टाकला, "हितं काय व्हणार नाय. सरकारला हेगला खेचला पायजे." दुसरा म्हणाला, "व्हय, त्या जाधवाचा झालाच ना हेगला." तेवढ्यात बोट लागली, माणसं आणि मोटरसायकली आत गेल्या आणि हेग जेटीवरच राहिलं. मी मात्र ते डोक्यात घेऊन घरी आलो.

कारण माझी मावशी. 1998 साली एका प्रकल्पासाठी तिची 70 गुंठे जागा गेली. कुठला प्रकल्प ते सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल. पंचनाम्याची नक्कल समोर घेऊन लिहितोय: हापूस 14, रायवळ 3, काजू 22, माड 9, फणस 1. फणस दोन होते. मोजणीवाल्याला दुसरा दिसला नाही म्हणे. मावशीचं म्हणणं, "दिसला नाय कसा? त्याच्याच सावलीत बसून माझा चहा प्यायला."

मिळाले ते पैसे तिने हरकत राखून घेतले आणि वाढीव मोबदल्यासाठी भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खालचा रेफरन्स (प्रकरण कोर्टाकडे पाठवा असा अर्ज) टाकला. त्याला आता पंचवीस वर्षं होतील. मधे वकील वारले. फाइल एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेली आणि वाटेत दोन वर्षं कुठे तरी मुक्कामाला होती. मावशी 81 वर्षांची आहे. खताच्या गोणीची कापून शिवलेली एक पिशवी आहे तिची, त्यात प्रत्येक तारखेची चिठ्ठी टाचणीने आधीच्या चिठ्ठीला लावून ठेवते. आता तो गठ्ठा माझ्या मुठीत मावत नाही.

तर आंतरराष्ट्रीय कोर्टात माणूस जाऊ शकतो का? आणि जाऊ शकत नसेल तर "भारत सरकारविरुद्ध हेगमध्ये दावा" अशा बातम्या येतात त्या कोणाच्या?

मालवणी_मसालो · शनिवार, रात्री 10:15

आमका कणकवलेक जावक यष्टी गावाना, हेगाक खंय जातलंव! पण फणसाचा ऐकान वायट वाटला. वाचतंय.

कलमवाला · शनिवार, रात्री 11:30

रत्नागिरीत वकिली करतो. आयडीतलं कलम कायद्याचंही आहे आणि आंब्याचंही. पोट दुसऱ्यावर जास्त भरतं.

एका शब्दात उत्तर: नाही. पण का नाही ते सांगतो, कारण 'हेग' म्हणताना लोक तीन वेगवेगळी दुकानं एकाच पाटीखाली घालतात.

पहिलं, आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे फक्त देश देशावर दावा लावू शकतो. माणूस नाही, संस्था नाही, ग्रामपंचायत तर नाहीच. त्या म्हाताऱ्यांनी जाधवांचं नाव घेतलं, पण त्या खटल्यात वादी पाकिस्तानने फाशी सुनावलेले कुलभूषण जाधव नव्हते, भारत सरकार होतं. मे 2017 मध्ये दावा, 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 असा निकाल. मुद्दा कुठला, तर परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलू द्यायला हवं, हे व्हिएन्ना कराराचं कलम 36. ते भारताने जिंकलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा असंही कोर्टाने पाकिस्तानला सांगितलं. जाधवांना सोडा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. थोडक्यात, एका सरकारने आपल्या माणसासाठी दुसऱ्या सरकारला खेचलं. मावशींचं भांडण आपल्याच सरकारशी. त्यांच्या वतीने दावा लावणार कोण, नेपाळ?

दुसरं, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे वंशसंहार, युद्धगुन्हे असल्या आरोपांखाली माणसांवर खटले चालतात. भारत त्या कराराचा सदस्यच नाही, आणि असता तरी न मोजलेला फणस त्यात बसत नाही.

तिसरं, लवाद. त्याच्यावर नंतर बोलू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे आणि ते वाचून तुम्हाला झोप लागणार नाही.

खरी माणसाच्या कामाची जागा हेगला नाहीच, जिनिव्हाला आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात भारत 1979 ला सामील झाला. त्या कराराला एक जोडकरार आहे. त्यावर ज्या देशाने सही केली, तिथला माणूस आपल्या देशातली सगळी कोर्टं संपवून झाल्यावर थेट मानवाधिकार समितीला आपल्याच सरकारविरुद्ध लिहू शकतो. भारताने तो जोडकरार घेतलेला नाही. स्त्रियांच्या हक्कांचा करार 1993 ला मान्य केला, अपंगांचा 2007 ला. दोन्हींचे तक्रारीचे जोडकरार बाजूला ठेवले. छळविरोधी करारावर 1997 ला नुसती सही केली, मंजुरी आजवर नाही. खातं उघडलं, पण पैसे काढायची स्लिप छापलीच नाही, असा प्रकार.

तांडेल_डहाणू · रविवार, सकाळी 7:05

हेगचं नाव आमच्याकडेही निघतं, पण वेगळ्या कारणाने.

आमच्या डहाणू-तलासरीकडची पोरं सीझनला ओखा-पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. शेठ आधी उचल देतो, त्यात घराची कौलं होतात, बहिणीचं लग्न होतं, आणि मग आठ महिने समुद्र. पाकिस्तानच्या मेरीटाइमवाल्यांनी बोट धरली की सगळी पोरं कराचीला, मलीरच्या तुरुंगात. आमच्या पाड्यातला एक पोरगा असा अडकला. शिक्षा भोगून झाली तरी सुटका नाही. त्याची आई दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कोणाकडून तरी मोबाईलवर बातमी लावून घ्यायची, कारण त्या दोन दिवशी दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नुसता आकडा यायचा. आकड्यात आपला पोरगा आहे की नाही हे तिला कोण सांगणार? परत आला तेव्हा उचल फिटायची बाकीच होती.

2008 चा करार आहे दोन देशांत. धरल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीचा माणूस भेटला पाहिजे, शिक्षा संपून नागरिकत्व पटलं की महिन्याभरात घरी. कागदावर आहे हे सगळं.

कलमवाले साहेब, जाधवांसाठी सरकार हेगला गेलं. खलाशांसाठी का जात नाही? एकाचं नाव पेपरात येतं आणि दुसऱ्याचं येत नाही, एवढाच फरक का?

कलमवाला · रविवार, सकाळी 9:40

तांडेलभाऊ, फरक नावाचा नाही असं छातीठोक सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. कायद्याचा भाग तेवढा सांगतो.

भारताने 1974 साली हेगच्या न्यायालयाला लिहून दिलंय की राष्ट्रकुलातल्या देशांबरोबरचे वाद आम्ही तुमच्यापुढे आणणार नाही आणि कोणी आणले तर मानणार नाही. पाकिस्तान राष्ट्रकुलात आहे. ऑगस्ट 1999 मध्ये कच्छजवळ आपल्या हवाई दलाने त्यांचं अटलांटिक विमान पाडलं, ते हेगला गेले, आणि याच अटीवर बोट ठेवून भारताने जून 2000 मध्ये तो दावा 14 विरुद्ध 2 ने बाहेर घालवला. ढाल चांगली आहे, पण मागे उभं राहून आपल्यालाही दगड मारता येत नाही. जाधव प्रकरणात वाट निघाली ती व्हिएन्ना कराराला वादनिवारणाचा स्वतःचा जोडकरार आहे आणि त्यावर दोघांच्याही सह्या आहेत म्हणून.

खलाशांसाठी समुद्र कायद्याचा करार बघावा लागतो. त्याचं कलम 73 असं की समुद्रातल्या विशेष आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत) परक्या बोटीने मासेमारीचा नियम मोडला तर, दोन देशांत तसं ठरलेलं नसेल, तुरुंगवासाची शिक्षाच देता येत नाही. दंड घ्या, जामीन घेऊन बोट आणि माणसं सोडा. जामीन देऊनही सोडलं नाही तर हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण तो अर्ज बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्यानेच, किंवा त्याच्या वतीने, करायचा. तांडेलाने नाही, आईने नाही. भारताने पाकिस्तानविरुद्ध तसा अर्ज कधी केलेला नाही. त्यात कच्छच्या टोकाला सर क्रीक खाडीजवळची हद्द अजून ठरलेली नाही, त्यामुळे बोट कोणाच्या पाण्यात होती इथूनच भांडण. आणि आपलं तटरक्षक दलही त्यांची माणसं धरतंच. यादी दोन्हीकडून निघते.

सुरंगी · रविवार, दुपारी 2:20

मूळची दापोलीची, सध्या जर्मनीत केलला राहते. केल म्हणजे ऱ्हाईनच्या काठचं छोटं गाव. ट्रामने पूल ओलांडला की फ्रान्समधलं स्ट्रासबर्ग, आणि तिथे युरोपचं मानवी हक्क न्यायालय. खाडीपलीकडचे, तुम्हाला धोपाव्याहून दाभोळला जायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढ्यात मी त्या कोर्टाच्या गावात असते. इमारत म्हणजे दोन मोठे पत्र्याचे डबे तिरके कापून ठेवल्यासारखी. बाहेर कुंपणाला कोणी ना कोणी आपल्या केसचे फलक लावून बसलेलं असतं, थंडीतसुद्धा. सगळे फलक फ्रेंच-इंग्रजीत नसतात. आपल्या भाषेत लिहून, वाचणारा नसला तरी बसतात बिचारे.

इथे मात्र माणूस आपल्याच सरकारविरुद्ध जाऊ शकतो. 46 देशांना हे कोर्ट लागू आहे. फी नाही. आधी आपल्या देशातली कोर्टं संपवायची, शेवटच्या निकालापासून चार महिन्यांत अर्ज करायचा, पूर्वी सहा महिने होते. फार मोठा ढीग पहिल्याच चाळणीत बाद होतो, हेही खरं.

मावशींचं वाचून मला पोलंडचा ब्रोनिओव्स्कीचा खटला आठवला. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि त्याच्या आजीचं ल्वूवचं घर दुसऱ्या देशात राहिलं. सरकारने भरपाई कबूल केली आणि दिली किती, तर किमतीच्या दोन टक्के. 2004 साली स्ट्रासबर्गने सांगितलं की हा एकट्याचा प्रश्न नाही, असे जवळपास 80,000 लोक आहेत, पोलंडने सगळ्यांसाठीच तोडगा काढावा. पुढे पोलंडला कायदा करावा लागला.

आणि उशिराचं म्हणाल तर इथे कोर्टाने वेळेत निकाल न देणं हाच मानवी हक्कांचा भंग धरतात. इटली यात इतक्या वेळा हरली की 2001 मध्ये त्यांनी 'खटला लांबल्याबद्दल भरपाई' देणारा पिंतो कायदाच केला. मग गंमत अशी झाली की त्या भरपाईचे पैसे द्यायलाही उशीर होऊ लागला आणि लोक त्या उशिराची तक्रार घेऊन परत स्ट्रासबर्गला यायला लागले. हे वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटलं होतं.

एक आणखी. इथे यायला युरोपचा नागरिक असावं लागत नाही. करमजितसिंग चहल भारतीय नागरिक होते. ब्रिटन त्यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली भारतात पाठवणार होतं, सहा वर्षं कोठडीत ठेवलं होतं. 1996 मध्ये कोर्टाने सांगितलं की तिथे छळ व्हायचा खरा धोका आहे, पाठवायचं नाही. म्हणजे ज्याला भारताविरुद्ध कुठेच जाता आलं नसतं, तो ब्रिटनच्या जमिनीवर उभा होता म्हणून ऐकून घेतलं गेलं.

रोखठोक · रविवार, सायंकाळी 6:45

धागा वाचला. मला मूळ कल्पनाच पटत नाही. घरातलं भांडण वेशीवर कशाला टांगायचं? आपलं सुप्रीम कोर्ट साध्या पोस्टकार्डाचीही याचिका करून घेतं, तसं युरोपात कुठे होतं? बाहेरच्या समित्यांत बसलेल्या लोकांना कोकणातला माड आणि पोफळ ओळखता येणार नाही. आणि ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांच्यासमोर आपण हात जोडून उभं राहायचं? भारताने जोडकरारांवर सह्या केल्या नाहीत हे बरंच केलं.

सुरंगी · रविवार, सायंकाळी 7:30

रोखठोक, माडाचं म्हणालात म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियाच्या टोकाला टॉरेस सामुद्रधुनीत छोटी बेटं आहेत. तिथल्या आठ जणांनी आपल्या सहा मुलांसकट जिनिव्हाच्या त्या मानवाधिकार समितीला लिहिलं की समुद्र चढतोय, पूर्वजांच्या कबरी वाहून चालल्यात, माडांना रोग लागलाय, नारळात पाणी धरत नाही. ऑस्ट्रेलियाने जोडकरार घेतलाय, म्हणून लिहिता आलं. सप्टेंबर 2022 मध्ये समितीने निकाल त्यांच्या बाजूने दिला. माड ओळखता आला त्यांना.

समितीचा निकाल म्हणजे काही जप्तीचं वॉरंट नव्हे, हे मान्य. सरकारने ऐकलं तर ऐकलं.

जुना_मीटर · रविवार, रात्री 9:10

विद्युत मंडळात नोकरी केली, आता निवृत्त. रोखठोक साहेब, भांडण वेशीवर टांगायचं नाही म्हणता, तर आमच्या अंजनवेलचं भांडण कुठे टांगलं होतं ते ऐका.

दाभोळ वीज कंपनी, म्हणजे एन्रॉन. करार डिसेंबर 1993. पहिला टप्पा मे 1999 ला सुरू. ती वीज घेणं आमच्या मंडळाला परवडेना. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पुढचं फार थोड्यांना माहीत आहे. प्रकल्पात बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिकचे पैसे होते आणि ते मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत आलेले होते. भारत-मॉरिशस गुंतवणूक करार होता. त्या कराराचा आधार घेऊन त्यांनी थेट भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात ओढलं. आमची गुंतवणूक बुडवली, आमचे हक्क मोडले, भरपाई द्या. 2005 मध्ये तडजोड झाली आणि त्यांना पैसे मिळाले.

आता दुसरी बाजू. त्याच प्रकल्पाच्या शेजारी वेलदूर. जून 1997 मध्ये पोलीस पहाटे मच्छीमारांच्या घरांत शिरले, बायकांना मारहाण झाली. हे मी सांगत नाही, ऍम्नेस्टीने त्याच वर्षी लिहिलं आणि ह्यूमन राइट्स वॉचने 1999 ला एन्रॉनवर आख्खा अहवाल काढला. बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, तेही त्यात आहे. त्या बायकांना कुठला लवाद होता? कुठल्या मॉरिशसचा करार होता? अहवाल झाला, तो दिल्ली-न्यूयॉर्कला वाचला गेला. वेलदूरला कोणी वाचला असेल तर मला भेटवा.

एकाच खाडीच्या काठावरच्या एकाच प्रकल्पातून दोन तक्रारी निघाल्या. एकीला बाहेरचं दार उघडं होतं आणि दुसरीला नव्हतं. अब्रू जाते म्हणून दार बंद ठेवलं असतं तर दोघांनाही बंद असायला हवं होतं.

खाडीपलीकडचा · रविवार, रात्री 10:05

काका, हे माहीत नव्हतं. म्हणजे मावशीने ती 70 गुंठे जागा मॉरिशसमधल्या कंपनीच्या नावे केली असती तर जमलं असतं?

कलमवाला · रविवार, रात्री 11:20

चेष्टेत म्हणालात, पण फार लांब नाही आहात. झोप उडवणारा भाग म्हणालो होतो तो हाच.

व्हाइट इंडस्ट्रीज नावाची ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाबरोबरच्या वादात 2002 मध्ये लवादाचा निवाडा तिच्या बाजूने लागला. पैसे वसूल करायला आपल्या कोर्टांत आली आणि तिथे अडकली. वर्षं सरली तरी निकाल लागेना. मग तिने गुंतवणूक कराराखाली भारत सरकारवर दावा लावला: तुमच्या कोर्टांना इतका उशीर होतो की आम्हाला हक्क बजावायचं परिणामकारक साधनच उरलं नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये, निवाड्याला नऊ वर्षं होऊन गेल्यावर, ती जिंकली. 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त, वर व्याज.

नऊ वर्षं. मावशींची पंचवीस.

केर्न या ब्रिटिश तेल कंपनीचंही बघा. मागच्या तारखेने लावलेल्या कराबद्दल डिसेंबर 2020 मध्ये हेगच्या लवादाने 120 कोटी डॉलर द्यायला सांगितले. सरकार देईना, तर कंपनीने 2021 मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर टाच आणायचा तिथल्या कोर्टाचा आदेश मिळवला. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारने तो कर कायद्यातूनच मागे घेतला. "भारत सरकारविरुद्ध हेगमध्ये दावा" या बातम्या बहुतेक अशांच्या असतात. मानवी हक्कांच्या नव्हे.

यातून सरकारने धडा घेतला, पण कुठला, तर नव्या नमुना करारात अट घातली की परक्या गुंतवणूकदारानेही आधी पाच वर्षं भारतातली कोर्टं करावीत. तेव्हा आता परदेशी कंपन्याही आमच्या बाररूममध्ये येऊन बाकड्यावर बसतील. चहा पाजू.

तांडेल_डहाणू · सोमवार, सकाळी 6:50

मच्छीमारांनी बाहेर जाऊन काही केलंच नाही असं नाही. मुंद्र्याच्या वीज प्रकल्पाविरुद्ध तिकडचे मच्छीमार थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. सरकारविरुद्ध नव्हे, ज्या जागतिक बँकेच्या संस्थेने 45 कोटी डॉलर कर्ज दिलं तिच्याविरुद्ध. फेब्रुवारी 2019 मध्ये 7 विरुद्ध 1 ने जिंकले. या संस्थेवर दावाच लावता येत नाही असं नाही, एवढंच जिंकले. पुढे खालच्या कोर्टांनी याच खटल्यात ती संस्था सुटते असं ठरवलं आणि 2022 ला विषय संपला. पण कच्छचा बुधा इस्माईल जाम हे नाव आता तिकडच्या कायद्याच्या पुस्तकात आहे. आमच्या पोरांना मी सांगतो हे.

मालवणी_मसालो · सोमवार, सकाळी 8:30

मगे मावशेन करूचा काय? ह्यां सगळां वाचून माजी च्या थंड झाली.

आणि दुसऱ्या फणसाचा काय झाला? बरको की कापो?

खाडीपलीकडचा · सोमवार, सकाळी 8:45

कापा. तोडला. त्या जागी आता जनरेटरची शेड आहे.

कलमवाला · सोमवार, सकाळी 10:10

मालवणी भाऊंचा प्रश्न बरोबर. करायचं काय ते सांगतो.

संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक असतात, घराच्या हक्कावर एक, अन्नाच्या हक्कावर एक, असे. त्यांना लिहायला जोडकरार लागत नाही. पत्रात दम वाटला तर ते सरकारला विचारणा करतात, 60 दिवसांनी पत्र आणि उत्तर आलं तर उत्तर, दोन्ही जाहीर होतं. गावच्या गाव उठवलं जात असेल तर याचा उपयोग होतो. एका रेफरन्ससाठी मी सुचवणार नाही.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोग 1993 पासून आहे, राज्याचा मुंबईत आहे. घटनेला एक वर्षापेक्षा जास्त झालं असेल तर ते घेत नाहीत, कोर्टात चालू असलेल्या गोष्टीत हात घालत नाहीत, आणि शेवटी करतात ती शिफारस. पोलिसांनी कोणाला मारलं तर मी पहिला अर्ज तिथेच टाकायला सांगतो. इथे नाही.

आता कामाचं. बाहेरचं कोर्ट आपल्याला बंद असलं तरी बाहेरचा कायदा आपल्या कोर्टात येतो. ओरिसातल्या नीलावती बेहरांचा मुलगा कोठडीत मेला, 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आईला दीड लाख देताना 1979 च्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला. आणि मौज म्हणजे करारातल्या नेमक्या त्या भरपाईच्या कलमाला सही करताना भारताने हरकत नोंदवून ठेवली होती. 1997 च्या विशाखा निकालात स्त्रियांच्या हक्कांचा करार घेतला आणि नोकरीच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, आपल्या संसदेचा कायदा नव्हता तेव्हा.

आणि हे मावशींना वाचून दाखवा. हिमाचलातल्या विद्यादेवी. ऐंशीच्या घरातल्या, विधवा, लिहिता-वाचता न येणाऱ्या. 1967-68 मध्ये सरकारने त्यांच्या जमिनीतून रस्ता नेला. संपादन नाही, मोबदला नाही. त्यांना आपण कोर्टात जाऊ शकतो हेच माहीत नव्हतं. सरकारने वर तोंड करून सांगितलं की इतकी वर्षं जमीन आमच्या ताब्यात आहे, आता ती आमचीच. 8 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्क आहे, आणि सरकारला प्रजेच्या जमिनीवर असा कब्जा सांगता येणार नाही. आठ आठवड्यांत मोबदला द्या.

तुमच्यासाठी पायऱ्या साध्या. आधी रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. तारखा कोणामुळे गेल्या ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि आपल्यामुळे किती गेल्या तेही, तेव्हा तयारी ठेवा. मग त्याच कोर्टात ज्येष्ठ नागरिक म्हणून लवकर सुनावणीचा अर्ज. तरीही हललं नाही तर हायकोर्टात रिट, एवढीच मागणी की अमुक महिन्यांत निकाल लावा. असे आदेश होतात. फणसाचा मुद्दा मूळ रेफरन्सच्या अर्जात लिहिलाय का ते बघा, नसेल तर आता बोलायची पंचाईत.

गुरव (व्यवस्थापक) · सोमवार, दुपारी 12:00

फणसावरचे सात प्रतिसाद पाककृतीच्या धाग्यावर हलवले आहेत. सांदणं तिकडे करावीत.

रोखठोक · सोमवार, दुपारी 3:40

एन्रॉनचं वाचून विचार करतोय. कंपन्यांचं दार उघडं आहे हे माझ्या गणितात नव्हतं. बाकी मत कायम आहे: माझ्या देशाचा निवाडा माझ्याच देशात व्हावा. पण मग तो व्हावा. पंचवीस वर्षं ही काही सार्वभौमत्वाची खूण नव्हे.

खाडीपलीकडचा · पुढचा शुक्रवार, रात्री 9:30

सर्वांचे आभार. बुधवारी मावशीकडे जाऊन आलो. विद्यादेवींचं सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिची झाडां कोणी मोजली व्हती?" मला माहीत नव्हतं.

फणस रेफरन्सच्या अर्जात आहे. आधीच्या वकिलांनी एका ओळीत लिहिलाय, "एक फणस वृक्ष नजरचुकीने वगळला." देव त्यांचं भलं करो.

मूळ पंचनामा ती द्यायला तयार नाही. झेरॉक्स काढायला दुकानात न्यायचा तर स्वतः बरोबर आली, मशीनचं झाकण उघडेपर्यंत कागदाचं टोक सोडलं नाही. चिठ्ठ्यांच्या टाचण्या गंजल्यात, काही ठिकाणी तारीखच भोकात गेली. रोजनाम्याच्या नकलेचा अर्ज काल दिला, कारकून म्हणाला पुढल्या गुरुवारी या.

कलमवाले साहेब, रिट करावंच लागलं तर मुंबई की कोल्हापूर?

कलमवाला · शुक्रवार, रात्री 10:20

कोल्हापूर. 18 ऑगस्ट 2025 पासून तिथे हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यांच्याकडे. गुहागरहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड आणि तिथून खाली. पावसात निघणार असाल तर घाट चालू आहे का ते आदल्या रात्री विचारून घ्या.

मालवणी_मसालो · शुक्रवार, रात्री 10:45

हेगापेक्षा जवळ पडला. मावशेक गाडयेत पुढच्या शिटीर बसय, घाटात लागता.